साठ पैशांचा वेताळ

अचाट शक्तीच्या नायकांविषयी बोलताना आपण त्यांच्या पराक्रमांची उजळणी करतो. कोण उडतो, कोण भिंतीवर चढतो, कोणाला गोळी लागत नाही. त्यांच्या किमतीविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. खरे तर हे नायक मुलांचे झाले, त्यात किमतीचा वाटा फार मोठा आहे. मुलाच्या मुठीत मावेल एवढ्या पैशांत जो भेटतो, तो त्याचा नायक.

अमेरिकेत 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक जून १९३८चा. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन त्यात पहिल्यांदा अवतरला. ६४ पानांचा रंगीत अंक आणि किंमत १० सेंट, म्हणजे एकच नाणे. पुढे महायुद्ध आले, कागदाची टंचाई झाली, मजुरी वाढली. तरीही १९६१पर्यंत अशा बहुतेक अंकांची किंमत १० सेंटच राहिली. मग घटले काय? पाने. चौसष्टांची हळूहळू बत्तीस झाली. कागद वर्तमानपत्राच्या जातीचा आणि रंग बारीक ठिपक्यांचे. प्रकाशकांचे गणित सरळ होते. पाने कमी झाली तर मूल कुरकुरेल, पण दुसरे नाणे मागितले तर ते दुकानातून परत फिरेल.

खेळण्यांच्या धंद्यातही हीच युक्ती चालली. न्यूयॉर्कच्या मेगो कंपनीने १९७२पासून सुपरमॅन, बॅटमॅन आदींचे आठ इंची बाहुले बाजारात आणले. त्यांचे धड एकाच साच्यातले. डोके बदलायचे, कपडे बदलायचे, की नवा नायक तयार! साच्याचा खर्च अनेकांत वाटला जाई. मुलांना त्याचे काही वाटले नाही. त्यांना हवा होता तो मुखवटा आणि तो झगा.

आता आपल्याकडे येऊ. मार्च १९६४मध्ये मुंबईहून, 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशनसंस्थेतर्फे 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाले. किंमत ६० पैसे. पहिल्याच अंकात ली फॉक यांचा फँटम होता. मराठीत तो वेताळ झाला. हा नायक अमेरिकी वर्तमानपत्रांत १९३६पासून छापला जात होता. त्याच्या अंगी दैवी शक्ती नव्हती. मुखवटा, कवटीची अंगठी आणि 'हा कधी मरत नाही' ही लोकांची समजूत, एवढ्यावर त्याचा दरारा चाले.

हा अंक साठ पैशांत कसा परवडला? चित्रे वर्तमानपत्रांसाठी आधीच काढलेली होती. हक्क घ्यायचे आणि पट्ट्या पानावर नव्याने मांडायच्या, एवढेच काम. शिवाय एकच चित्र अनेक भारतीय भाषांत चाले, बदलावे लागत ते फुग्यांतले शब्द. बाकीचा भार जाहिरातींवर.

पण नुसत्या स्वस्ताईने मूल वश होत नाही. नाव जवळचे लागते. वेताळ आपल्या आजीच्या गोष्टीत आधीच बसलेला होता. कोकणात आणि गोव्यात तर तो गावचा राखणदार. रात्री फेरी मारतो, म्हणून भक्त त्याला वहाणा वाहतात. परदेशी फँटमला 'चालते भूत' म्हणत. अनुवादात असा योग क्वचितच जुळतो. कथेतला देश बंगालची आठवण करून देई, त्याचे इथे 'डेंकाली' झाले. आणि डिसेंबर १९७६मध्ये आबिद सुरती यांच्या लेखणीतून आणि गोविंद ब्राह्मणिया यांच्या कुंचल्यातून 'बहादूर' आला. झब्बा आणि जीन्स घालणारा हा देशी नायक डाकूंशी लढत असे.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. १९६४मध्ये साठ पैसे ही मजुराच्या घरात लहान रक्कम नव्हती. छापखान्याने अंक स्वस्त केला, तो खऱ्या अर्थाने परवडला गल्लीत. वेताळ भाड्याने मिळू लागला. आमच्या मोहल्ल्यात एका टपरीत सुतळीवर अंक लटकत असत. तिथेच बाकावर बसून वाचायचे दहा पैसे, घरी न्यायचे पंचवीस. एक जण भाडे भरी, तिघे खांद्यावरून डोकावत आणि चौथा, ज्याला अजून वाचता येत नसे, तो ऐके. एका प्रतीला किती वाचक लाभले, हे कोणत्याही खपाच्या आकड्यात सापडणार नाही. खेळण्यांचेही तसेच. बाहुले विकत घेणे कोणाला शक्य होते? आम्ही बॉलपेनने मुठीवर कवटी काढायचो. आईची ओढणी पाठीवर बांधली की सुपरमॅन तयार. मेगोच्या साच्यासारखेच होते हे. धड आमचे, फक्त वेष बदलायचा.

'इंद्रजाल' १९९०मध्ये बंद झाले. दूरदर्शन घरोघर पोहोचले होते आणि दिल्लीच्या राज कॉमिक्सचे नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव हिंदीतून आले होते. आज जुन्या अंकांना संग्राहक शोधत फिरतात. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या त्या दहा सेंटच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४मध्ये ६० लाख डॉलरना विकली गेली. ती एवढी महाग का? कारण तिच्या बहिणी हाताळून हाताळून फाटल्या, रद्दीत गेल्या, युद्धकाळात कागद गोळा करणाऱ्यांना मुलांनीच देऊन टाकल्या. म्हणजे ज्या प्रती वाचल्या गेल्या त्या संपल्या आणि ज्या जपल्या गेल्या त्यांचे सोने झाले.

आज गुळगुळीत कागदावरचे देखणे संग्रह निघतात. त्यांची किंमत काहीशे रुपये असते आणि ते मोठ्यांच्या कपाटात बंद राहतात. मोठ्यांनी आपल्या आठवणी जपाव्यात, त्याला हरकत नाही. पण शाळेच्या वाचनालयात, वस्तीतल्या अभ्यासिकेत असे दहा-वीस अंक फाटण्यासाठी ठेवायला काय हरकत आहे? वर्षभराने ते अंक कोरे करकरीत दिसले, तर समजावे की मुलांपर्यंत ते पोहोचलेच नाहीत.