गोल्डफिश पुन्हा पुन्हा आजारी का पडतात? एका बापलेकाची गोष्ट

तपासणी संपते, औषधांची चिठ्ठी हातात पडते, आणि काही पेशंट दारापर्यंत जाऊन परत वळतात. मनातला खरा प्रश्न तेव्हा बाहेर येतो. असेच एक गृहस्थ परत वळले आणि म्हणाले, "डॉक्टर, टेट्रासायक्लिनच्या चार कॅप्सूल लिहून द्याल का? मला नकोत, माशांना हव्यात."

मुलाच्या वाढदिवसाला दोन गोल्डफिश आणले होते. काचेचा गोल बाऊल, तळाला रंगीत खडे. पंधरा दिवसांत एकाची शेपटी झिजू लागली, दुसऱ्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. दुकानदाराने निळं औषध दिलं. दोन्ही मेले. मग यांनी बाऊल साबणाने घासला, खडे उकळले, नळाचं ताजं पाणी भरलं, नवी जोडी आणली. तिसऱ्या आठवड्यात तीही गेली. असं चार वेळा झालं. आता मुलगा शाळेतून आला की बाऊलकडे बघायचं टाळतो.

मी कॅप्सूल लिहून दिल्या नाहीत. त्यांनी काळजीने आणि कष्टाने जे केलं, त्यानेच आजार परत येत होता. पण हे नुसतं सांगून पटत नाही. साबणाने घासलेल्या बाऊलमध्ये आजार येतोच कसा? म्हणून तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो. या प्रश्नाचं अर्धं उत्तर एका बापाने शोधलं आणि उरलेल्या अर्ध्यामागे पुढे त्याचाच मुलगा लागला.

गोल्डफिश मूळचा चीनचा. तिथे शेकडो वर्षं तो तळ्यात आणि मग मोठ्या मातीच्या भांड्यांत राहिला. काचेच्या भांड्यात मासा ठेवायची हौस त्या मानाने नवी. लंडनच्या सॅम्युअल पेपिस या सरकारी अधिकाऱ्याने १६६५ साली कुणाच्या तरी घरी काचेच्या भांड्यातले परदेशी मासे पाहिले आणि डायरीत नोंद केली. हे असेच कायम जगतात, अशी त्याची समजूत करून दिलेली दिसते. तोच उन्हाळा लंडनमध्ये प्लेगचा होता. माणसं कशाने मरतात हे जिथे कळत नव्हतं, तिथे मासे कशाने मरतात हे कोण विचारणार? मासा मेला की पाणी फेकायचं आणि दुसरा आणायचा. आपणही अजून तेच करतो.

पुढच्या शतकात प्रीस्टली आणि इंगेनहाउस यांनी दाखवलं की प्राण्यांनी श्वासाने बिघडवलेली हवा वनस्पती सुधारतात, आणि त्यासाठी उजेड लागतो. हा धागा लंडनमधल्या एका रसायनतज्ज्ञाने उचलला. रॉबर्ट वॉरिंग्टन त्याचं नाव. औषधं बनवणाऱ्यांच्या जुन्या संस्थेत, म्हणजे अपॉथेकरीज हॉलमध्ये, तो रसायनांचं काम पाहायचा. त्याने साधारण ५० लिटरच्या काचेच्या भांड्यात वाळू, माती आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. हिशेब साधा होता: झाड ऑक्सिजन देईल, मासे श्वास घेतील, पाणी बदलायची गरज उरणार नाही.

काही दिवस छान गेले. मग झाडाची जुनी पानं कुजू लागली, काचेवर हिरवा थर चढला, पाणी गढूळ झालं. इथे वॉरिंग्टनने जे केलं ते मला फार आवडतं. त्याने भांडं रिकामं करून घासलं नाही. निसर्गातल्या डबक्यात कुजकी पानं कोण खातं, याचा विचार केला आणि पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं, आणि गोगलगायींची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली. हे सगळं त्याने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. घरातल्या समतोल फिशटँकची ही सुरुवात. ती गोल्डफिशवरच झाली.

त्यानंतर इंग्लंडमध्ये फिशटँकचं वेडच पसरलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यघर उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप गॉसचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं. घरोघरी टाक्या आल्या आणि बऱ्याच घरांतून काही वर्षांत हद्दपारही झाल्या. पानं हिरवी, पाणी स्वच्छ दिसतंय, तरी मासे मरतात, हा अनुभव तेव्हाही होता. वॉरिंग्टनच्या हिशेबात काहीतरी राहून गेलं होतं.

राहून गेला होता अमोनिया. माणसाच्या शरीरात प्रथिनांच्या कचऱ्यापासून अमोनिया बनतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. यकृत निकामी झालेला पेशंट गुंगीत जातो, त्यामागे वाढलेला अमोनिया हे एक मोठं कारण असतं. माशाला हा खटाटोप नको असतो. तो अमोनिया कल्ल्यांतून सरळ पाण्यात सोडतो. तळ्यात हे चालतं. चार लिटरच्या बाऊलमध्ये मासा स्वतःच सोडलेल्या विषात पोहत असतो, आणि पाणी मात्र काचेसारखं नितळ दिसतं. त्यात कल्ल्यांची आग होते, अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर बिघडतो, प्रतिकारशक्ती ढासळते. मग पाण्यात एरवी निमूट असलेले जंतू शेपटी आणि पर कुरतडू लागतात. आपल्याला दिसते ती सडलेली शेपटी. आजाराची सुरुवात त्याच्या दहा दिवस आधी झालेली असते.

मग तळ्यातला अमोनिया जातो कुठे? हे कोडं सुटलं ते सांडपाण्यातून. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून गटाराचं पाणी हळूहळू झिरपू दिलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही. वरून गेलेला अमोनिया खालून तसाच बाहेर येत होता. मग अचानक अमोनिया कमी होऊन नायट्रेट येऊ लागलं. हे नुसत्या रसायनांचं काम असतं तर वीस दिवस वाट का पाहावी लागली? म्हणून त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडलं! नंतर क्लोरोफॉर्म काढून थोडं मातीचं पाणी घातलं, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे वाळूच्या कणांवर काहीतरी जिवंत वस्तीला आलं होतं.

ही बातमी इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात पोचली. तिथे या विषयाच्या मागे लागलेल्या रसायनतज्ज्ञाचं नाव होतं रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचाच मुलगा. वडिलांनी तो प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. त्याने वर्षानुवर्षं चिकाटीने काम करून दाखवलं की हा बदल दोन टप्प्यांत होतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. पण ते जिवाणू वेगळे करून वाढवणं त्याला जमलं नाही. त्या काळी रॉबर्ट कॉखच्या पद्धतीने जिलेटिनवर जिवाणू वाढवत. हे मात्र असल्या पौष्टिक जेवणावर वाढायलाच तयार नव्हते. १८९० मध्ये झुरिकला सर्गेई विनोग्राड्स्कीने त्यांना साध्या क्षारांच्या पाण्यात वाढवून दाखवलं आणि श्रेय तिकडे गेलं. संशोधनात असं होतं. तरी वडिलांच्या फिशटँकचं न सुटलेलं गणित मुलाने बरंच पुढे नेलं, हे मला त्या श्रेयापेक्षा मोठं वाटतं.

आता तुमच्या घरातल्या बाऊलकडे परत येऊ.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खड्यांवर, काचेवर आणि फिल्टरच्या स्पंजवर चिकटून राहतात. हात लावला तर बुळबुळीत लागतं, ते हेच. त्यांची वाढ अतिशय संथ असते, वस्ती पुरेशी व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात. त्या गृहस्थांनी दर वेळी साबण, उकळतं पाणी आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वापरून ही वस्ती पार उठवली, आणि त्याच दिवशी दोन नवे मासे सोडले. प्रत्येक जोडी श्लोझिंगच्या नळीतले ते पहिले वीस दिवस जगायला आली आणि बहुतेक त्यातच संपली. अँटिबायोटिकची कॅप्सूल घातली तर आजाराच्या जंतूंबरोबर उरलेसुरले हे जिवाणूही मरू शकतात. शिवाय ते पाणी शेवटी मोरीतून गटारात जातं आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढायला हातभार लावतं. त्या जंतूंशी उद्या मला तुमच्या घरातल्या एखाद्या आजोबांच्या छातीत लढावं लागेल.

दुकानदाराचं निळं औषध बहुधा मिथिलीन ब्लू असतं. हे आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. पाण्यात नायट्राइट वाढलं की माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेण्याच्या लायकीचं राहत नाही, रक्त तपकिरी होतं, मासा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो. माणसातही काही विषबाधांमध्ये अगदी हेच होतं आणि तेव्हा आम्ही शिरेतून मिथिलीन ब्लूच देतो. त्यामुळे ते औषध खोटं नाही. पण टाकीत ओतलं तर फिल्टरमधल्या जिवाणूंनाही त्याचा फटका बसतो. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून तिथेच द्यावं.

पांढऱ्या ठिपक्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो खरोखरचा परजीवी आहे, फूके या फ्रेंच संशोधकाने १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं. ठिपका म्हणजे कातडीखाली बसून खाणारा एकपेशीय जीव. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, स्वतःभोवती कोष करतो, आत शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात. औषध या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांवर चालतं. कातडीखालच्यावर आणि कोषातल्यावर फारसं नाही. ठिपके दिसेनासे झाले म्हणून दुसऱ्या दिवशी औषध थांबवलं की आठवड्याने ठिपके परत येतात. व्हायवॅक्स मलेरियाच्या पेशंटला ताप उतरल्यावरही चौदा दिवस प्रायमाक्विन घ्या म्हणून मी मागे लागतो, कारण काही जंतू यकृतात दडलेले असतात. इथेही शिस्त तीच: दडलेले बाहेर येईपर्यंत कोर्स चालू ठेवायचा. आणि नवा मासा आणला तर तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा.

एक गोष्ट माशांची नाही, तुमची. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांमध्ये ॲरॉन्सन या शास्त्रज्ञाला क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ सापडला, मायकोबॅक्टेरियम मरिनम. तो फिशटँकच्या पाण्यातून हातावरच्या जखमेत शिरतो. दोन ते चार आठवड्यांनी बोटावर लालसर-जांभळी गाठ येते, कधी तशाच गाठींची रांग मनगटाकडे चढते. त्याला थंडावा मानवतो, म्हणून तो बहुतेक वेळा हाताच्या कातडीतच राहतो. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. पण नेहमीच्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी जात नाही, योग्य औषध काही महिने घ्यावं लागतं. बोटावरची गाठ तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर डॉक्टरांना "घरी फिशटँक आहे" हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. हाताला चीर असेल, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर टाकीत हात घालताना हातमोजे घाला.

त्या गृहस्थांना मी कागदावर वेगळीच चिठ्ठी लिहून दिली. बाऊल नको, फिल्टर असलेली मोठी टाकी घ्या, गोल्डफिश वितीएवढाही वाढतो. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, सगळं कधीच नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे थेंब आधी टाका. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा, नळाखाली धरू नका. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला. अमोनिया तपासायचं किट दुकानात मिळतं, ते औषधाआधी विकत घ्या. आणि एखाद्या ओळखीच्याची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्याच्याकडून वापरलेल्या स्पंजचा तुकडा मागून आणा. श्लोझिंगने घातलेलं मातीचं पाणी ते हेच.

परवा ते रक्तदाब मोजायला आले होते. टाकी आणली आहे, शेजाऱ्यांकडचा स्पंज फिल्टरमध्ये बसवला आहे, दिवसाआड चिमूटभर खाणं पाण्यात टाकतात म्हणजे जिवाणू उपाशी राहत नाहीत. मासे अजून आणलेले नाहीत. मुलगा कॅलेंडरवर फुल्या मारतो आहे आणि अमोनियाच्या नळीतला रंग रोज तोच तपासतो. अजून हिरवा येतोय म्हणाले, पण फिकट होत चाललाय.