सड्यावरची वाट

निपाणीहून तवंदीचा घाट, मग बेळगाव, मग जांबोटी. आता तुम्ही कणकुंबीच्या वरच्या सड्यावर उभे आहात. श्रावण आहे. धुक्यात दहा पावलांपुढचं काही दिसत नाही. चपला काढा. पायाखाली जांभा आहे, ओला आणि खरखरीत. लाखो वर्षांच्या पावसानं बेसाल्टमधलं सगळं धुऊन नेलं आणि हे लोहाचं, ॲल्युमिनियमचं कवच उरलं. त्याच्या उथळ डबक्यांच्या कडेनं सीतेची आसवं निळी फुललीत आणि गेंदाचे पांढरे ठिपके पसरलेत. तुमच्या पूर्वेला पडलेला थेंब मलप्रभेतून कृष्णेला जाईल. पश्चिमेचा म्हादईतून पणजीला.

मधून एक वाट गेली आहे, म्हशीच्या अंगाएवढीच रुंद. तिच्यावरून चालत राहा.

धुकं विरलं की 1840 साल आहे. डोक्यावर लोण्याचं मडकं घेतलेली गवळीण समोरून येते. "कुठं चाललासा पावणं?" एवढंच विचारते. कुणाच्या जमिनीवर उभे आहात, हे नाही विचारत. खालच्या उतारावर नाचणी हिरवी झाली आहे. उन्हाळ्यात झाडोरा तोडला, जाळला, राखेत बी टाकलं. ही कुमरी. दोन-तीन पिकं झाली की जागा सोडायची, रान पुन्हा वाढू द्यायचं.

आणखी थोडं चाला. पायाला ठेच लागते ती हद्दीच्या दगडाची. 1878 चा वन कायदा झाला आहे. कुमरी सरकारला नासाडी वाटते आणि सागवान मोलाचा. गुरं चारायला आता फी पडते. पण मला सगळ्यात जड वाटतो तो कागदावरचा एक शब्द. रानात जाणं, लाकूडफाटा आणणं, ढोरं नेणं हा आजवर हक्क होता. आता त्याला 'सवलत' म्हणतात. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

1913 मध्ये तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतल्या वटवाघळाची लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी नवी जात म्हणून नोंद केली. तिला नाव मिळालं मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांचं. गुहेची वाट ज्यांच्या पायांना पाठ होती, त्यांचं नाव कुठे लागलं नाही.

1 नोव्हेंबर 1956. दगड जागचा हलत नाही, पण तुम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलात. वनखात्याचा कागद पुढे कन्नडमध्ये येऊ लागतो आणि वाचून घ्यायला गावाबाहेरचा माणूस शोधावा लागतो. घाटाखाली, 1961 पर्यंत, पोर्तुगीजांचं राज्य आहे.

2011 मध्ये या भागात भीमगड अभयारण्य जाहीर होतं. ते व्हायला हवं होतं, हे मी मनापासून म्हणतो. बॉक्साइटसाठी एकदा खरवडलेला सडा पुन्हा फुलत नाही. पण अभयारण्याच्या आत गावं आहेत. तळेवाडीच्या कुटुंबांना 2025 मध्ये गाव सोडण्यासाठी भरपाईचे धनादेश मिळाले.

दरम्यान 2006 च्या वनहक्क कायद्यानं 'हक्क' हा जुना शब्द परत आणला होता. मात्र कर्नाटकात गवळी अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. ज्यांनी आयुष्यभर लोणी विकलं आणि जे ढोरामागं चालले, त्यांनी कुठली कागदपत्रं आणायची? नियमांत म्हाताऱ्या माणसांचे जबाब धरले आहेत, जमिनीवरच्या खुणाही.

धुकं परत दाटतंय. वाटेवर बसा आणि हात खाली टेका. खुरांनी घासून घासून जांभ्यात एक पन्हळ पडली आहे, वीतभर रुंद. तिच्यात आत्ता पावसाचं पाणी वाहतंय.