भुलाबाईची गाणी आणि बाबासाहेबांचा कायदा

आमच्या अनसिंगकडे, सगळ्या वऱ्हाडातच, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई खेळतात. भुलाबाई-भुलोजी म्हणजे भिल्लवेशातले पार्वती-शंकर, असं सांगितलं जातं. पण टिपऱ्यांवरची गाणी नीट ऐका. देवाची स्तुती थोडी. सासूचा जाच, माहेरची ओढच जास्त. मनुस्मृतीने जिला स्वातंत्र्य नाकारलं, तिने आपली तक्रार खेळात जपली. मात्र खिरापत वाटून झाली की सासर तेच! गाण्यावर दाद कोण देणार? २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, पत्नी नवऱ्याची मैत्रीण आहे, दासी नव्हे. हिंदू कोड बिल रखडलं, हे १९५१ च्या त्यांच्या राजीनाम्याचं मोठं कारण. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भुलाबाई खेळणाऱ्या लेकींना घटस्फोटाचा हक्क दिला. त्यांच्या गाण्यांत बाबासाहेबांचं नाव का नसावं?