खवले मांजर

स्तनी वर्गाच्या फोलिडोटा गणातील मॅनिडी कुलाचा प्राणी. शास्त्रीय नाव मॅनिस क्रॅसिकॉडेटा. खवल्या मांजर असेही म्हणतात. या कुलातील आठ जाती सर्वमान्य असून चार आशियात व चार आफ्रिकेत आढळतात. प्रस्तुत जाती भारत, श्रीलंका, नेपाळ व पाकिस्तानात आहे; महाराष्ट्रात कोकण, सह्याद्रीचा पट्टा व विदर्भ येथे ती आढळते. अमेरिकेतील मुंगीखाऊंशी तिचे नाते पूर्वी जोडले जाई. मात्र सारखा आहार असल्यामुळे त्यांच्यात वरवरचे साम्य आले आहे. जनुकीय अभ्यासानुसार खवले मांजराचे सर्वांत जवळचे नातलग मांसाहारी गणातले आहेत.

शरीररचना : डोके लहान, निमुळते, शेपूट बुडाशी धडाइतकेच रुंद. वजन साधारणतः १० ते १६ किग्रॅ.; मादी नराहून लहान. पाठ, बाजू, पायांचा बाहेरचा भाग आणि संपूर्ण शेपूट यांवर पिवळट तपकिरी खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. चेहरा, गळा, पोट व पायांची आतली बाजू उघडी असते. खवल्यांच्या फटींतून राठ केस डोकावतात. आफ्रिकी जातींत असे केस नसतात. शेपटीच्या टोकाला खालच्या बाजूने असलेला खवला ही या जातीची खूण होय. चिनी जातीत तो नसतो.

खवले केराटिनाचे, म्हणजे माणसाची नखे ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचे बनलेले असतात. त्यांत औषधी गुण असल्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

कवटी गुळगुळीत व शंक्वाकार असते. खालचा जबडा म्हणजे दोन बारीक काड्याच म्हणता येतील. दात मुळीच नसतात आणि चावण्याचे स्नायूही क्षीण असतात. चावण्याचे सगळे काम जठराकडे गेलेले आहे. जठराच्या शेवटच्या भागाची भिंत जाड, स्नायुमय असून तिला आतून केराटिनाचे काटे असतात. भक्ष्यासोबत गिळलेली वाळू व बारीक खडे या भागात मुंग्यांचा चुरा करण्यास मदत करतात. जीभ वीतभर बाहेर येते. तिचे मूळ घशात नसून मागे छातीत, उरोस्थीच्या खालच्या टोकाशी असते. लाळग्रंथी एवढ्या मोठ्या असतात की त्या गळ्यापासून छातीकडे पसरलेल्या दिसतात. त्यांच्या चिकट लाळेमुळे मुंग्या जिभेला चिकटतात. खाताना नाकपुड्या व कानांची भोके मिटतात, जाड पापण्या डोळे झाकतात. मुंग्यांच्या दंशासाठी इतकी चोख तयारी असलेला दुसरा सस्तन प्राणी आपल्या रानात नाही.

पुढच्या पायांची मधली तीन नखे लांब व वाकडी असून वारूळ फोडण्यास उपयोगी पडतात. चालताना ती आत वळवलेली असतात. मागच्या पायांवर उभे राहताना शेपटीचा टेकू मिळतो.

आहार व सवयी : मुंग्या, वाळवी व त्यांची अंडी. प्राणी निशाचर, एकटा राहणारा. बिळे दोन प्रकारची असतात. भक्ष्यासाठी उकरलेली उथळ. राहण्याची खोल, व आत गेल्यावर तोंड मातीने बंद केलेली. उकरण्यामुळे जमीन भुसभुशीत होते. संकट आले की प्राणी पोट आत घेऊन वेटोळे करतो. बिबट्यापुढे हा उपाय चालतो, मात्र माणूस त्याला तसाच उचलून पोत्यात घालतो.

आवाज : फुत्कार.

प्रजनन : एका वेळी बहुधा एकच पिल्लू. जन्मतः खवले मऊ असतात. आई पिल्लाला शेपटीच्या बुडाशी बसवून फिरते व धोका जाणवल्यास त्याच्याभोवती वेटोळे करते. गर्भकाळ जुन्या ग्रंथांत ६५ ते ७० दिवस दिला आहे. अलीकडील निरीक्षणे याहून पुष्कळ जास्त काळ सुचवतात.

संरक्षण : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश. २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथील परिषदेत साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये सर्व आठही जाती घेतल्या गेल्या व त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. चीनने २०२० मध्ये आपल्या औषधकोशातून खवले वगळले. तरी चोरटी शिकार थांबलेली नाही. कोकणात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावोगाव जागृतीचे काम केले आहे; रत्नागिरी जिल्ह्यातील डुगवे गावात २०२० मध्ये ‘खवलोत्सव’ साजरा झाला. मुंग्यांचा रोजचा पुरवठा अवघड असल्याने बंदिवासात हा प्राणी जगवणे कठीण जाते. भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात मात्र या जातीचे पैदास केंद्र आहे.