चोरांनी राखलेला ठेवा

दिवाळी तोंडावर आली की माळा झाडणे आलेच. पुष्कळ घरांत या झाडलोटीत एक पिवळी प्लास्टिकची कॅसेट हाती लागते. १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला यंत्र जोडून ज्यांनी ‘मारिओ’ खेळला, त्यांना तिची ओळख करून द्यायला नको. वर ऐटीत ‘९९९९ इन वन’ असे छापलेले; आत मात्र मोजकेच खेळ, क्रमांक बदलून पुनःपुन्हा भरलेले! या कॅसेटची कुळकथा मोठी मौजेची आहे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. खेळ कॅसेटमधल्या चिपवर साठवलेला असे. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटांत मावला होता. मोबाइलवरचे एखादे छायाचित्रही आज त्याहून कितीतरी जड असते. इतक्या आटोपशीर ऐवजाची नक्कल करणे कुशल कारागिरांना अवघड नव्हते. तैवानात हुबेहूब यंत्रे तयार होऊ लागली आणि जेथे अस्सल माल पोहोचला नाही, तेथे या नकला पोहोचल्या. रशियात १९९२ च्या डिसेंबरात हेच यंत्र ‘डेंडी’ या नावाने विक्रीस आले. त्याच्या खोक्यावरचा हत्ती तिकडच्या मुलांचा जिवलग झाला. आपली पिवळी कॅसेटही याच गोतावळ्यातली. ही चोरीच होती, यात शंका नाही. ज्यांनी रात्रंदिवस खपून ते खेळ रचले, त्यांच्या पदरी या धंद्यातले काही पडले नाही.

पण काळाचा न्याय विचित्र असतो. १९९५ ते २००० पर्यंत जपानात ‘सॅटेलाव्ह्यू’ या सेवेतर्फे उपग्रहावरून खेळ घरोघरी पाठवले जात. सेवा थांबली आणि त्यांतले कित्येक खेळ हवेत विरले. पुढे हौशी मंडळींनी लोकांकडे पडून राहिलेले मेमरी पॅक शोधून त्यांतून जमेल तेवढे उतरवून घेतले. त्यांना परवाना कोणी दिला नव्हता.

असा उतरवलेला खेळ चालवायला संगणकाला जुन्या यंत्राचे सोंग घ्यावे लागते. या बहुरूप्याला ‘एम्युलेटर’ म्हणतात. सोनी आणि कनेक्टिक्स यांच्या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. तेव्हा सोंग वेगळे आणि चोरीचा खेळ वेगळा, हा भेद ध्यानी घेतला पाहिजे.

मालकांनी आपला ठेवा कितपत सांभाळला? २०२३ साली अमेरिकेत झालेल्या पाहणीत २०१० पूर्वीच्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाल्याचे आढळले. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने आपल्या दोन यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. अभ्यासकांना ग्रंथालयातले जुने खेळ घरबसल्या पाहू द्यावेत, ही विनंती तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

चोराला चोर म्हणावेच. परंतु घरधनी विकतही नाही आणि ग्रंथपालालाही हात लावू देत नाही, तेव्हा पुढच्या पिढीने कोणाचे दार ठोठवावे? माळ्यावरची ती कॅसेट पुसून मी पुन्हा जागच्या जागी ठेवली आहे.