बारा व्होल्टची मर्यादा: दिग्रसचा इन्व्हर्टर आणि खोपोलीची वीज

जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली, तेव्हा राज्यात विजेचा तुटवडा वाढत होता. पुढे जेथे वीजगळती आणि थकबाकी अधिक, तेथे भारनियमन अधिक, हे सूत्र रूढ झाले. चंद्रपूर, कोराडी ही औष्णिक केंद्रे विदर्भातली. अंधारही विदर्भाच्याच वाट्याला. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी इन्व्हर्टर ही चैन राहिली नाही.

पण बारा व्होल्टच्या एका बॅटरीवर दोन पंखे आणि दोन ट्यूबलाइट चालल्या, की मागणी तेथे थांबत नाही. दुकानाला संगणक हवा, झेरॉक्स यंत्र हवे. मग सुचणारा पहिला उपाय म्हणजे इन्व्हर्टरमध्ये आणखी काही मॉस्फेट समांतर जोडणे.

हा उपाय अर्धाच खरा. १००० वॉट शक्ती काढायची, तर बारा व्होल्टवर कसलीही हानी न धरता ८३ अँपिअर विद्युतधारा लागते. प्रत्यक्षात शंभराच्या घरात. मॉस्फेटने ती सोसली, तरी ट्रान्सफॉर्मरचे वेढे आणि बॅटरीच्या केबली यांनीही ती सोसायला हवी. विद्युतधारा दुप्पट झाली, की तारेतील उष्णता चौपट होते. जळके वास येतात ते येथून. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी जितकी वेगाने उपसावी, तितकी तिची एकूण क्षमता कमी हाती लागते. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट याने हा नियम १८९७ मध्येच मांडला होता.

खरी वाट व्होल्टेज वाढवण्याची. दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट घेतले, की तेवढ्याच शक्तीला निम्मी विद्युतधारा पुरते आणि त्याच तारेत उष्णता चौथाईवर येते. अर्थात त्यासाठी इन्व्हर्टरही मुळातच २४ व्होल्टचा हवा; बारा व्होल्टच्या यंत्राला हा प्रयोग मानवत नाही.

महाराष्ट्राने हाच प्रश्न फार मोठ्या मापावर पूर्वी सोडवला होता. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्राची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. सुमारे ७० किलोमीटरच्या त्या वाटेवर तारांचे व्होल्टेज होते जवळपास एक लाख! कमी व्होल्टेजवर तेवढी शक्ती वाहून न्यायची, तर तांब्याच्या तारांचा खर्चच योजनेला बुडवता.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विद्युत रेल्वे धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकन अभियंता डेव्हिड प्रिन्स याने आपल्या लेखाला ‘द इन्व्हर्टर’ हे शीर्षक दिले. रेक्टिफायर एसीचे डीसी करतो. हे यंत्र त्याच्या उलट चालणारे, म्हणून हे नाव.

पुढे डब्यांची संख्या आणि वेग वाढला, तेव्हा मुंबईच्या रेल्वेलाही १५०० व्होल्ट अपुरे पडले. एकविसाव्या शतकात तेथे २५,००० व्होल्ट एसी आले. आजच्या लोकलच्या मोटारींना वीज पुरवतो तोही इन्व्हर्टरच.