खाडा, सुट्टी, रजा : मुंबईच्या गिरणी कामगाराचा वेळ आणि घर

कामाच्या वेळेचा इतिहास सामान्यतः कायद्याच्या कलमांतून लिहिला जातो. तो शब्दांतूनही लिहिता येतो. मुंबईच्या गिरणगावात कामावर नसण्याला तीन शब्द होते : खाडा, सुट्टी आणि रजा. व्यवहारात ते एकमेकांत मिसळत. परंतु त्यांमागील कल्पना भिन्न आहेत आणि त्या भिन्नतेत कामगाराच्या घराचा इतिहास साठलेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. विजेचे दिवे येईपर्यंत गिरणीचा दिवस सूर्याबरोबर उगवे आणि मावळे. उन्हाळ्यात तो साहजिकच लांबे. १८८१ च्या कारखाना कायद्याने मुलांच्या कामाचे तास नऊवर आणले. प्रौढांच्या तासांना मात्र मर्यादा घातली नाही. अशा स्थितीत घरासाठी वेळ काढण्याचा एकच मार्ग होता : खाडा. खाडा म्हणजे स्वतःची मजुरी मोजून विकत घेतलेला दिवस. मालकांच्या लेखी ती बेशिस्त होती. परंतु पेरणी, कापणी, शिमगा, घरचे लग्न यांसाठी रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यातील गावी जाणारा कामगार एक वेगळे वेळापत्रक पाळत होता. ई. पी. टॉमसन यांनी १९६७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात इंग्लंडमधील जुन्या श्रमलयीची जागा घड्याळाच्या शिस्तीने कशी घेतली, हे दाखविले. मुंबईत एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. भोंग्याचा वेळ आणि शेताचा वेळ एकाच कुटुंबात शेजारी नांदले.

सुट्टी ही यापुढची पायरी. नारायण मेघाजी लोखंडे १८८० पासून ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालवीत होते. १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांच्या पुढाकाराने तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार, अपघातात साहाय्य अशा त्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हा युक्तिवाद परंपरेने लोखंडे यांच्या नावे सांगितला जातो. युरोपीय रविवारामागे चर्च होते. येथे त्याच वाराला लोकदैवताचा आधार मिळाला. खाडा एकट्याचा असतो, सुट्टी सर्वांची असते. सभा, भजन, कुस्ती आणि वाचन शक्य झाले ते या सामाईकपणामुळे. तथापि एका रविवारात कोकणातले घर गाठता येत नव्हते. म्हणून सुट्टी मिळूनही खाडा संपला नाही. याच सुमारास, १८९२ मध्ये लिहिलेल्या रवींद्रनाथांच्या ‘छुटी’ कथेतील फटिकलाही सुट्टी म्हणजे आईकडे परत जाणे एवढेच ठाऊक आहे, हे साम्य तुलनाकाराने नोंदवावे असे आहे.

रजा हा अरबी-फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ संमती. ती देणारा कोणी तरी वर असतो. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे तास साठ केले, १९३४ च्या कायद्याने चौपन्न. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ च्या दुरुस्तीने वर्षाकाठी दहा दिवसांची पगारी रजा दिली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला. गावी जाण्याचा काळ प्रथमच मजुरी न गमावता मिळू लागला. म्हणजे येथे संमती हे उपकाराचे नव्हे, हक्काचे नाव झाले.

मात्र ही तिन्ही नावे गिरणीच्या दारापाशी थांबतात. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा केला. त्याआधीची चूल आणि त्यानंतरचे पाणी कोणी मोजले नाही. १९२९ च्या मुंबई इलाख्याच्या प्रसूती-साहाय्य कायद्याने घर आणि कारखाना यांचा संबंध प्रथम मान्य केला, तोही बाळंतपणापुरता. एकट्या राहणाऱ्या कामगारांना पाळीच्या वेळा सांभाळून जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका कोणत्याच हजेरीपटावर नव्हत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांच्या श्रमाला संघटित रूप आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेला. खाडा हा शब्द मात्र उरला. आज तो घरकाम करणाऱ्या बाईच्या महिन्याच्या हिशेबात ऐकू येतो. २००८ च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमाचा भर नोंदणी आणि कल्याण-साहाय्यावर होता. कामाचे तास ठरविणे हा त्याचा विषय नव्हता. १८८४ च्या निवेदनातील पहिली मागणी अशा रीतीने घराच्या आत अजून पोचायची आहे. कामगार-साहित्याच्या तुलनात्मक अभ्यासाने संप आणि मोर्चा यांच्याबरोबर हे न मोजलेले तासही वाचले पाहिजेत. त्यांवाचून गिरणीचे घड्याळ अर्धेच वाचले जाते.